‘गॅसेस असतील’ म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, आज अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल बोलू या. १९९८ साली टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावायचं आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते बघायचं. एवढ्यावर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मला या कामाचा फार अभिमान आहे. म्हणूनच ‘मग अंडाशयाची अशी तपासणी का नाही?’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

गर्भाशयाचं मुख डोळ्यांना दिसतं. अंडाशय ओटीपोटात खोल असतं. त्यात अंडाशयाच्या कॅन्सरचा सगळ्यांत जास्त आढळणारा, घातक प्रकार बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. गर्भनलिकेच्या टोकाशी, सोनोग्राफीत दिसणार नाहीत अशा मूठभर पेशींत तो सुरू होतो आणि तिथून पेशी थेट पोटाच्या पोकळीत सांडतात. अंडाशय दिसायला ठीक आणि आजार मात्र पसरलेला, असं होतं ते यामुळे.

हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी असते. पहिल्या टप्प्यातल्या साधारण निम्म्या रुग्णांत ती नॉर्मल येऊ शकते. उलट पाळी, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) यांनी ती वाढते. आपल्याकडे पोटाचा टीबीही आहेच. त्यातही पोटात पाणी, वाढलेलं सीए-१२५, सगळं कॅन्सरसारखं दिसतं. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले: सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या जोडीने काही कॅन्सर लवकर सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्रास नसलेल्या बाईने दरवर्षी ही तपासणी करावी, असं मी म्हणूनच सांगत नाही. पॅप स्मीअरमध्येही (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) अंडाशयाचं काही कळत नाही.

त्रास असेल तर मात्र गोष्ट वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या बायका काय सांगतात? परकराची नाडी घट्ट होते, पण हातपाय वाळलेत. दोन घास खाल्ले की पोट भरतं. लोकलमध्ये बसायच्या आधी दोनदा लघवीला जावं लागतं. ओटीपोट दुखतं. आणि यावर महिनोन्‌महिने ओवा, ईनो, ॲसिडिटीच्या गोळ्या! पन्नाशीच्या पुढे हे नव्याने सुरू झालं आणि महिन्यात बारा दिवसांहून जास्त राहिलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘अंडाशयाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ करायचं का?’ तिथे या तपासण्या उपयोगी पडतात.

आता घराण्याचं. बीआरसीए-१ जनुकात दोष असेल, तर आयुष्यभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास असते. अशा स्त्रियांना मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० वयात, नलिका आणि अंडाशयं काढण्याचा सल्ला देतात. निर्णय जड आहे, पण त्याने जीव वाचतात. चौकशी मात्र फक्त आईकडच्या मावश्यांची करू नका. हा दोष वडिलांकडूनही येतो. आत्याला कोणता कॅन्सर होता, वडिलांची आई कशाने गेली, ते आजच फोन करून विचारा.