झोपेतला श्वास आणि खालचा जबडा
(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रावेर-सावद्याहून केळी भरून रात्री उत्तरेकडे निघणारे ट्रकचालक आज इथे आहेत, भुसावळचे रेल्वेवाले आहेत. म्हणून मी झोपेआधी दिवसाच्या डुलकीबद्दल बोलतो. रात्रभर झोपूनही पेपर वाचताना डोळा लागतो, सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं असतं, गोळ्या चालू असून रक्तदाब उतरत नाही. दाढ दाखवायला आलेल्या अशा माणसाची पत्नी हळूच सांगते, "डॉक्टर, रातले यास्ना दम अटकी जास." हे ऐकलं की मी दाढ बाजूला ठेवतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ खालच्या जबड्याला आतून जोडलेली असते, त्यामुळे उताणं झोपल्यावर जबडा मागे गेला की जीभही मागे जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ टाळू थरथरतो, तेच घोरणं. वाट पुरती मिटली की श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. छाती-पोट धडपडत राहतं, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू माणसाला दचकवून जागं करतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. असे अडथळे तासाला 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र समजतात. झोपेत असा वारंवार श्वास थांबण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

यावरचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये त्याबद्दलचं काम प्रसिद्ध केलं. नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा जाते आणि वाट उघडी राहते. आजार तीव्र असेल तर पहिला विचार याचाच करा, दंतवैद्य असूनही हे मी ठासून सांगतो. पण मास्क सहन न होणारेही बरेच आहेत. शिवाय आपल्याकडे लाइट जाते, उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात, ट्रकवाला केबिनमध्ये झोपतो. मशीन कपाटात पडून राहिलं तर त्याचा उपयोग काय?

अशा वेळी, आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर, आम्ही तोंडात बसणारं उपकरण देतो. वरच्या आणि खालच्या दातांची मापं घेऊन दोन पट्ट्या तयार होतात. त्या एकमेकींना अशा जोडतात की खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. ड्रॉवरची मूठ ओढली की आतलं सामानही पुढे येतं, तसंच हे. जबडा एकदम पुढे ओढायचा नसतो. जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं सरकवतो. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी दात जुळत नाहीत, कानापुढचा सांधा दुखतो. बहुतेकांचं हे कमी होतं. मात्र वर्षानुवर्षं वापरल्यावर दात किंचित सरकू शकतात, ते आधीच सांगायला हवं. आणखी एक, उन्हात तापलेल्या केबिनमध्ये या उपकरणाची डबी ठेवू नका, पट्टी वाकते. गरम पाण्यानेही धुऊ नका.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी लोक स्वतःच घेतात. घोरणं कमी होतं, घरचे खूश होतात. पण आवाज कमी झाला तरी श्वास थांबणं चालूच असू शकतं, आणि आता ते ओळखायला आवाजही उरत नाही. म्हणून आधी झोपेची तपासणी आणि निदान झोपेच्या आजारांच्या डॉक्टरांकडून, मग उपकरण, आणि जबडा योग्य जागी आला की उपकरण घालून पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, खर्च वाचवतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने ती कधीच टाळू नये.

उपकरण धरायला पुरेसे भक्कम दात लागतात. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर आधी त्यांचा इलाज. कवळी लावणाऱ्यांसाठी जीभ पुढे धरणारं वेगळं साधन असतं.

आणि गुटखा. आपल्या भागात सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेली तरुण मुलं मी रोज पाहतो. त्यांच्या तोंडात मापाचा ट्रे जात नाही, मग पट्टी कुठून बसणार? आत्ता इथेच आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. दोनच जात असतील, तिखट खाताना तोंड भाजत असेल, तर घोरण्याचं नंतर बघू. तोंडाचं हे आखडणं पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतं, त्यासाठी उद्याच तोंड दाखवा.