उंटावरचं बिऱ्हाड

(दृश्य : पहाट. वेचणी झालेलं पऱ्हाटीचं वावर. धुकं. उंटाच्या गळ्यातली घंटा.)

अमरावती जिल्हा, धामणगाव रेल्वे तालुका. फेब्रुवारीची पहाट. कापसाची शेवटची वेचणी होऊन आठ दिवस झालेत. पऱ्हाट्या उभ्या आहेत, पण त्यांना पान नाही, किडकं बोंड नाही, आणि धुऱ्यावर गवताची काडी नाही. चार दिवसांत सहाशे मेंढ्यांनी वावर लख्ख केलंय. आज डेरा हलणार.

गावात यांना काठेवाडी म्हणतात. हे काठेवाडचे नव्हेत, कच्छचे. फिरते मेंढपाळ, रबारी. इथून भुज हजार किलोमीटरहून लांब. म्हातारी लग्न होऊन सासरी आली, ती थेट वर्धा नदीच्या काठावरच्या डेऱ्यात. तिचे चारही मुलगे याच पट्ट्यात जन्मले, कुणी तुरीच्या वावरात, कुणी ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर बाभळीखाली. चार भाऊ, चार सुना, सहा नातवंडं, एक नातसून, तिच्या कुशीतलं तीन महिन्यांचं बाळ आणि स्वतः म्हातारी. सतरा माणसं. नऊ उंट, पाच कुत्री. मुलूख परका, भाषा परकी, आणि राहणं मात्र जन्मभराचं.

(दृश्य : सुना उंट बसवतात. सामान चढतं.)

आता नीट बघा.

उंट बसवला. पाठीवर गोधड्यांच्या घड्या. त्यांवर लाकडी सांगाडा. दोन्ही अंगांना धान्याच्या गोण्या, वजन सारखं हवं, नाहीतर उंट उठतानाच एका अंगाला कलतो. आणि या सगळ्यावर खाट. उलटी. विणलेली बाजू खाली, चार खूर आभाळाकडे. या चार खुरांना दोरीचे वेढे दिले की खाटेचं टोपलं होतं. रात्री जिच्यावर म्हातारी झोपली, तीच खाट सकाळी घराची गाडी होते.

टोपल्यात काय काय गेलं ते मोजलं आम्ही. पिठाचा डबा. तवा, काथवट, पितळी चरवी. रजया. सोलरचा दिवा. मोबाइलच्या चार्जरांची एक पिशवी. काल रात्री जन्मलेली दोन कोकरं, अजून नाळ न वाळलेली. आणि कोकरांच्या शेजारी, तितक्याच निवांत, बाळ. धाकट्या सुनेनं त्याच्या पोटावरून दुपट्याचा पट्टा घेतला, खाटेच्या गात्याला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसऱ्यांदा ओढताना तिचा हात थोडा थांबला, तेवढं आमच्या कॅमेऱ्यानं टिपलंय.

या दृश्यात पुरुष नाहीत. ते उजाडायच्या आधीच मेंढ्या घेऊन निघाले. डेरा उभा करणं, मोडणं, पाणी शोधणं, हे बायकांचं राज्य. पाऊण तासात सतरा माणसांचं घर नऊ उंटांवर चढलं. मागं राहिले चुलीचे तीन दगड. ते कुणी नेत नाही. दगड सगळीकडे मिळतात.

(दृश्य : मोटारसायकलवर मोठा भाऊ. पांदण. एका वावराच्या धुऱ्यावर बोलणी.)

कुठं जायचं, हे ठरवतो मोठा भाऊ. डेऱ्याचा मुखी. पूर्वी तो दोन दिवस पायी पुढं जायचा, आता मोटारसायकल आहे आणि फोन आहे. पण वावर पाहिल्याशिवाय तो कुणाला शब्द देत नाही.

वावरात शिरला की त्याचा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. तो विचारतो, “भाऊ, शेवटचा फवारा कधी मारला?” कापसावरचं औषध पानांवर राहिलं तर सकाळी चरलेली मेंढी संध्याकाळी उठत नाही. शेतकऱ्यानं तारीख सांगितली तरी तो चार पानं चुरगाळून हुंगतो. मग विहिरीत डोकावतो. मग शेजारचं वावर बघतो. धुऱ्यापलीकडे हरभरा उभा असेल तर त्या अंगाला दोन माणसं आणि कुत्री जास्त लागतील, रात्रभर जागं राहावं लागेल. हा सगळा हिशेब तो मनात करतो, आणि मगच भावाचं बोलणं निघतं.

भाव म्हणजे खतासाठी वावरात मेंढ्या बसवण्याचा. कास्तकारानं रात्रीमागं किती द्यायचे. माझ्या आजोबांच्या काळी ज्वारी द्यायचे, पायलीनं मोजून. आता आमच्याकडे ज्वारीचा पेराच राहिला नाही, सोयाबीननं तिची जागा घेतली. म्हणून गहू, नाहीतर रोख. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरं गेली, आणि जनावरांबरोबर शेणखत. आज ट्रॉलीभर शेणखत विकत घ्यायला निघालेल्या कास्तकाराला विचारा, किती गावं फिरावी लागतात ते.

(दृश्य : रात्र. वावरात बसलेला कळप. टॉर्चच्या उजेडात मेंढ्यांचे डोळे.)

मेंढ्या बसवतात म्हणजे नेमकं काय करतात? आमच्या शहरातल्या मित्रांना वाटतं, मेंढ्या नुसत्या शेतात सोडून देत असतील. तसं नाही. दिवसभर चरून आलेला कळप संध्याकाळी वावराच्या एका तुकड्यात दाटीनं बसवतात. जाळीचं कुंपण घालतात. मध्यरात्री मुखी उठतो, कळपाला उठवतो, चार-पाच पावलं सरकवून पुन्हा बसवतो. मेंढी उठली की हमखास मुततं-लेंडकतं जनावर ते. रात्रीतून दोनदा बसवलं की दोन जागा खतावल्या. दुसऱ्या रात्री जाळी पुढं. असं करत करत एकराचा प्रत्येक हात मेंढ्यांच्या अंगाखालून जातो.

शेतीच्या पुस्तकांतले आकडे सांगतो. साध्या शेणखतात नत्र साधारण 0.5 टक्के, स्फुरद 0.2, पालाश 0.5. मेंढी-बकरीच्या लेंडीखतात नत्र 3 टक्के, स्फुरद 1, पालाश 2. हा झाला नुसत्या लेंडीचा हिशेब. मूत वेगळं. शेणखताच्या उकिरड्यात मूत फारसं पोचत नाही, गोठ्यातच जिरून जातं. इथं ते थेट मातीत मुरतं, वाहतुकीचा एक रुपया न लागता. खुरांनी ढेकळं फुटतात, लेंड्या मातीत दाबल्या जातात, वखराचं निम्मं काम तिथंच होतं.

वावराचे मालक सत्तरीचे आहेत. मूठभर माती उचलून ते दाखवतात. मातीत काळ्या लेंड्या, वाटाण्याएवढ्या.

“युरिया टाकला का एका पावसाचा धनी. थो आला का गेला. हे खत तीन वर्स बोलते वावरात. माह्या बापानं बसवल्या, मीनं बसवल्या. आता पोरगा म्हणते, बाबा, वास येते. येऊ दे ना बाप्पा वास!”

माझ्या आजोबांचं वावर इथून दोन कोसांवर. हाच वास मला लहानपणचा वाटतो. काठेवाड्याईचा डेरा आला की आम्ही पोरं शाळा सुटल्यावर उंट बघायला पळायचो. आम्हांला वाटायचं ते पाहुणे आहेत. आजोबा रागवायचे. म्हणायचे, पाहुणा जेवून जातो, हे आपल्या जमिनीला जेवू घालून जातात.

(दृश्य : नवा डेरा. दुपार. चूल पेटते. म्हातारी पिशवी उघडते.)

दुपारी नवं घर लागलं. खाटा सरळ झाल्या, त्यांच्यावर रजयांची चवड, आणि ती चवड म्हणजेच भिंत. चहा उकळतोय. उंटिणीच्या दुधाचं दही नीट लागत नाही, म्हणून ते बहुतेक चहातच जातं. चवीला किंचित खारट.

डेऱ्याचा पैसा म्हातारीकडे असतो. मुलं तिला मा म्हणतात, गावातल्या बायकाही आता माच म्हणतात. मेंढ्या बसवल्याचे पैसे, कोकरं विकल्याचे पैसे, सगळं तिच्या पिशवीत. ही पिशवी जवळून बघा. लाल-पिवळ्या रेशमाचं भरतकाम, मधे मधे आरशाचे तुकडे, एक मोर, एक विंचू. तिनं स्वतःच्या लग्नाआधी भरलेली. आज डेऱ्यातल्या कुठल्याच सुनेकडे अशी पिशवी नाही. रबारींच्या ढेबरिया शाखेनं 1995 मध्ये स्वतःच भरतकामावर बंदी घातली. मुलीला सासरी जाताना ढीगभर भरलेले कपडे न्यावे लागायचे, ते भरण्यात वर्षं जायची आणि पाठवणी लांबत जायची. आता सुनांच्या ओढण्यांना बाजारची लेस आहे. म्हातारी विंचवावरून बोट फिरवते, काही म्हणत नाही.

(दृश्य : दहा वर्षांची नात कॅमेऱ्याकडे चालत येते.)

“काहून फोटो काढून रायले, दादा? आमच्या उंटाले भेव वाटते ना.”

तिचं हे वऱ्हाडी ऐकून आमचा ध्वनिमुद्रक हसला, तो धामणगावचाच. घरात कच्छी, बाजारात वऱ्हाडी, मोबाइलवर हिंदी. म्हातारीचं बोलणं आम्हांला तीच समजावून सांगते. प्रत्येक कोकरू ती आईसकट ओळखते. शाळेत तिचं नाव आहे कच्छमधल्या गावी, आणि ती असते इथं.

गावाकडे घर आहे. पक्कं, दोन खोल्यांचं. गोकुळाष्टमीला रबारींची लग्नं लागतात, तेव्हा काही जण रेल्वेनं जाऊन येतात. गेल्या लग्नाचा व्हिडिओ नातसून आम्हांला दाखवते, आणि तो तिच्याबरोबर आख्खा डेरा पुन्हा बघतो. मेंढ्यांमागं राहिलेल्या दोन दिरांनी ते लग्न असंच फोनवर पाहिलं.

(दृश्य : समृद्धी महामार्गाची भिंत. खालून जाणारा कळप.)

समृद्धी महामार्ग. 701 किलोमीटर. आमच्या भागातून तो 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला, मुंबईपर्यंत पुरा झाला 2025 च्या जूनमध्ये. जनावर आडवं येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कुंपण, आणि ते हवंच. पण डेऱ्याच्या वाटा या रस्त्याआधीच्या आहेत. पूर्वी जिथं सरळ पांदणीनं जायचे, तिथं आता खालचा बोगदा शोधत भिंतीकडेनं चालावं लागतं.

कळप बोगद्याशी आला आणि थबकला. पुढं अंधार, वर गाड्यांचा घरघराट. एकही मेंढी पाय टाकेना. मुखीनं मग एक म्हातारी बकरी पुढं काढली, तिचा कान धरून आत नेली आणि पलीकडून शीळ घातली. बकरी ओरडली. त्या आवाजावर पहिली मेंढी शिरली, आणि मग सहाशे मेंढ्यांचं पाणी वाहावं तसं झालं. शेवटी उंट, माना खाली घालून. टोपल्यातलं बाळ जागं होतं. त्यानं वर पाहिलं, सिमेंटचं छत डोक्यावरून सरकताना.

गायरानं आणि ई-क्लास जमिनी अतिक्रमणात जातायत. 2022 च्या जानेवारीत याच तालुक्यात, तळेगाव दशासरला, कत्तलीच्या संशयावरून 58 उंट अडवले गेले, पाच रबाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला, आणि उंट परत मिळवायला कोर्टात जावं लागलं. 2006 च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं. मुखीला यातलं उंट अडवल्याचं चांगलंच आठवतं.

(दृश्य : संध्याकाळ. रिकामं वावर. चुलीचे तीन दगड. मालक धुऱ्यावर, कानाशी फोन.)

ज्या वावरातून सकाळी डेरा हलला, तिथं संध्याकाळी आम्ही परत गेलो. मालक धुऱ्यावर उभे होते. वखर उद्याच घालायचा म्हणत होते, लेंडी वाळायच्या आत मातीखाली जायला हवी. तेवढ्यात त्यांनी खिशातून फोन काढला.

“हा मुखीभाऊ. पोचले काय? … पाणी आहे ना तिथं? … माले म्हणा, तिचा तांब्या राह्यला इथं, चुलीपाशी. मी उद्या पोराच्या हातानं धाडतो. … अन् आयका, पुढच्या साली माघातच या. मी दुसऱ्या कोनाले वावर देत नाही.”