तुऱ्यावरचे फोड आणि पाण्याचं भांडं

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर येतात. अशा वेळी एखादी मागेच राहिली, अंग फुगवून कोपऱ्यात उभी दिसली, तर तिला उचलून उजेडात धरा. तुऱ्यावर, चोचीखालच्या लोंबत्या कल्ल्यांवर, पापण्यांच्या कडेला मोहरीएवढे पांढुरके फोड आहेत का बघा. काही दिवसांत ते पिवळसर होतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्यावर खरखरीत काळपट खपली धरते. ही कोंबड्यांची देवी. डॉक्टर हिला फाउल पॉक्स म्हणतात.

आपसात भांडताना चोच लागली तरी तुऱ्यावर काळी खपली धरते, त्यामुळे सुरुवातीला फसायला होतं. पण चोचीची जखम झाली तेवढीच राहते, तिथे सुकलेलं रक्त दिसतं. देवीचा फोड वाढत जातो. शंका असेल तर कोंबडी वेगळी ठेवा आणि दोन-तीन दिवस त्याच जागेवर नजर ठेवा.

नाव ऐकून घरातली माणसं मात्र घाबरतात. माणसांची देवी जगातून नाहीशी झाल्याचं १९८० साली जाहीर झालं. कोंबड्यांच्या देवीचा विषाणू वेगळा आहे, पक्ष्यांपुरता आहे, तो माणसाला लागत नाही. मुलांना येतात त्या कांजिण्यांशीही त्याचा संबंध नाही. तेव्हा आजारी कोंबडी हातात घ्यायला भिऊ नका. हात मात्र साबणाने धुवा, कारण तेच हात पुढच्या कोंबडीला लागणार आहेत.

धडधाकट कातडीतून हा विषाणू आत शिरू शकत नाही. त्याला एखादा ओरखडा, चोचीची जखम किंवा डासाचा डंख लागतो. आजारी कोंबडीला चावलेला डास तोंडाला विषाणू घेऊन फिरतो आणि रात्री दांडीवर झोपलेल्या दुसरीच्या उघड्या तुऱ्यावर बसतो. डंखानंतर फोड दिसायला साधारण ४ ते १० दिवस जातात. एक कोंबडी बरी व्हायला ३-४ आठवडे लागतात आणि सगळ्या कळपातून आजार फिरून जायला त्याहून बराच जास्त काळ. मानमोडीसारखा, म्हणजे राणीखेत रोगासारखा, हा एका रात्रीत खुराडं रिकामं करत नाही. हा हळू चालतो, आणि म्हणूनच आपल्या हातात वेळ असतो. तो वेळ कशाला वापरायचा, हेच मला आज सांगायचं आहे.

माझ्याकडच्या एका तलंगीचे दोन्ही डोळे खपल्यांनी मिटले होते. पाण्याचं भांडं तिच्यापासून वीतभर अंतरावर, काठोकाठ भरलेलं. ती चोच खाली न्यायची आणि जमिनीवर टेकवायची. मी समजत होतो की आजारामुळे तिची तहानभूक गेली. तिसऱ्या दिवशी तिला उचललं तर हाताला छातीचं हाड लागलं. तिची चोच हलकेच पाण्यात बुडवली आणि ती प्यायला लागली. चोच बुडवायची, मान वर करायची, परत बुडवायची. कितीतरी वेळ ती थांबलीच नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो. कातडीवरच्या देवीत दगावणारी कोंबडी पुष्कळदा विषाणूने मरत नाही, भुकेने आणि तहानेने मरते. तिला पाणी सापडत नसतं. दिवसातून ४-५ वेळा तिची चोच भांड्याला लावा. खाद्य भिजवून मऊ करून द्या, पहिले दोन घास चोचीला लावले की तिला स्पर्शावरून कळतं. भांड्यांची जागा बदलू नका. न दिसणारी कोंबडी जागा लक्षात ठेवते. पिचकारीने घशात पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं.

डोळ्यांसाठी १ लिटर उकळून कोमट केलेलं पाणी घ्या, त्यात ९ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने दीड चमचा मीठ विरघळवा. स्वच्छ कापूस त्यात भिजवून पापणीवर नुसता धरून ठेवा. चिकटलेला चिकटा सुटला की डोळा आपोआप उघडतो. खपली ओढून काढायची नाही. मी एकदा काढली. भळाभळा रक्त आलं, त्या लाल रंगावर बाकीच्या तुटून पडल्या, आणि त्या खपलीतला विषाणू खुराडंभर झाला. तुऱ्यावरच्या खपल्यांना पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावता येतं, पण ते डोळ्यात जाता कामा नये.

याच आजाराचं दुसरं रूप तोंडात आणि घशात दिसतं. चोच उघडून बघितली तर आत पिवळट, चिकट पापुद्रे असतात. कोंबडी मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेते. हे रूप जिवावर बेतणारं आहे. पापुद्रे घरी खरवडू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. तोंडातले असे डाग दुसऱ्या आजारांतही येतात, ते ओळखणं त्यांचंच काम.

देवीच्या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक फक्त जखमेत जंतू माजले तर उपयोगी पडतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. ते दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्याच वेळी विचारून घ्या.

लस मात्र आहे, आणि आजार शिरल्यानंतरही ती कामाची आहे. दोन-चारच कोंबड्यांना फोड आले असतील, तर बाकीच्या निरोगी कोंबड्यांना लगेच टोचून घ्या. देवी हळू पसरते म्हणूनच हे जमतं. पंख उघडला की सांध्याजवळ कातडीचा पातळ पडदा दिसतो, त्यात लसीत बुडवलेली दुहेरी सुई आरपार टोचतात, शीर चुकवून. ७ ते १० दिवसांनी पंख पुन्हा उघडून बघा. टोचल्या जागी गाठ किंवा खपली दिसली तर लस लागली. काहीच दिसलं नाही तर ती परत टोचावी लागेल. ही तपासणी बहुतेक जण विसरतात. लस थंड ठेवायची, कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. कुपीत मात्रा पुष्कळ असतात, म्हणून शेजारीपाजारी मिळून एकाच दिवशी टोचून घेतलं तर वाया जात नाही. उरलेली लस जिवंत विषाणूची असते, ती डॉक्टरांना विचारून नष्ट करा.

आता डास. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडं घासलं तरी पिढी तुटते. कोंबड्यांचं पिण्याचं पाणी तर रोज बदलायचं. खुराड्याला बारीक जाळी लावा. आत धूर करू नका. कोंबडीचा श्वास नाजूक असतो आणि घशात देवी असेल तर धुराने ती गुदमरेल.

गळलेल्या खपल्यांमध्ये विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. नुसतं जंतुनाशक शिंपडून भागत नाही. दांड्या खरडा, खालचा भुसा उचलून जाळा किंवा खोल पुरा, मग धुवा.

सगळ्या खपल्या आपोआप गळून खाली कोवळी गुलाबी कातडी दिसली की कोंबडी कळपात सोडायला हरकत नाही. मी तिला भर दिवसा सोडत नाही, कारण परकी समजून इतर तिला टोचतात. अंधार पडल्यावर अलगद नेऊन दांडीवर, बाकीच्यांच्या मधोमध बसवतो. सकाळी दार उघडलं की ती त्यांच्याबरोबरच बाहेर येते.