दूधसागर पौषात पाहावा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'मोलेचं राष्ट्रीय उद्यान कसं पाहावं', आणि मी तिथे येणारच आहे. पण आधी सांगा, दूधसागर कुणीकुणी पाहिलाय? ... जवळजवळ सगळ्यांनी. फोंड्यात हे व्हायचंच. आता भर पावसात, रुळांवरून चालत कितीजण गेलात? (हशा) हात खाली घ्या, रेल्वेतलं कुणी बसलेलं असेल.

माझं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच आहे. दूधसागर पौषात पाहा. लोकांना ते पटत नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फोटोतला दूधसागर असतो, आषाढातला. ३१० मीटरवरून चार टप्प्यांत कोसळणारा, मधल्या पुलावरून आगगाडी चाललेली. तो देखणा आहेच, मी कुठे नाही म्हणतो? पण त्या पाण्यात रान किती आणि आभाळ किती, ते तेव्हा कळत नाही.

माझी आत्या पुण्याची. एका सहल कंपनीने जाहिरातीत तोच आषाढातला फोटो छापला आणि सहल विकली जानेवारीची. ही फसवणूक आहे, आणि मला तिचा अजून राग येतो, कारण अशाने माणसं निराश होऊन परततात आणि धबधब्याला नावं ठेवतात. आत्याला मी म्हटलं, त्यांच्याबरोबर जाऊ नकोस, मी नेतो. पायथ्याकडच्या कुळे गावाहून जीप घेतली. ओढ्यातून पाणी उडवत, आदळत, आपटत पोहोचलो. खाली डोह, खडकांवर केलडी, म्हणजे माकडं, लोकांच्या पिशव्यांवर टपलेली. आत्याने मान वर केली आणि म्हणाली, "अरे, एवढंसंच?"

मी बोलणार, तेवढ्यात आमचा जीपवाला पुढे झाला. कुळ्याचाच माणूस. म्हणाला, "मावशे, निमाणो पावस केन्ना पडलो?" मी सांगितलं, शेवटचा पाऊस दिवाळीच्या आधी. तो म्हणाला, "मागीर हें उदक खंयचें?"

मंडळी, मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण इतका नेमका प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. अडीच महिने आभाळातून थेंब नाही, आणि समोर कड्यावरून पाणी पडतंय. हे पाणी कुठलं?

परतताना ओढ्यापाशी जीपगाड्यांची रांग लागली, म्हणून खाली उतरलो. वाटेच्या कडेला एका झाडाखाली मी आत्याला वाकायला लावलं. वर कुरकुरीत वाळका पाचोळा. तो बाजूला सारला तर खाली दमट, अर्धवट कुजलेली पानं, त्यांना पांढऱ्या बुरशीच्या तारा लगडलेल्या. त्याखाली काळी, गार माती. आत्याने चिमूट दाबली, बोटं ओली झाली. आणि तिथून दोन हातांवर जीपची वाट, तिच्यावर पिठासारखी धूळ. पाऊस दोन्हीकडे तोच पडला होता. आत्या किती तरी वेळ एकदा बोटांकडे, एकदा त्या धुळीकडे बघत राहिली. मग तिने सगळा पाचोळा पुन्हा होता तसा पसरून ठेवला. मी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाचच? बरं, भरभर सांगतो.

सदाहरित रानात पावसाचा थेंब थेट जमिनीवर आदळत नाही. पानापानांवर फुटतो, खोडावरून ओघळतो, पाचोळ्यात मुरतो, मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या भोकांतून खाली जातो आणि मग महिनोन्महिने झऱ्यांतून पाझरतो. झाडं स्वतःही पाणी पितात, हे खरं. पण उघड्या जमिनीवर तोच थेंब मातीची भोकं बुजवतो आणि माती घेऊन पळून जातो. पौषात दिसते ती धार या पाझराची. ज्या रानातून ती येते त्यातलं बरंच कड्यावर, कर्नाटकात आहे. खाली आपल्याकडे भगवान महावीर अभयारण्य, २४० चौरस किलोमीटर, आणि त्यातलं १०७ म्हणजे मोलेचं राष्ट्रीय उद्यान. तेच पाणी पुढे खांडेपार नदीला मिळतं आणि ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होऊन फोंड्यात, पणजीत नळाला येतं. समोरच्या या तांब्यातलंसुद्धा.

म्हणून तिथल्या एकेका झाडाचा हिशोब मला घरचा वाटतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली, तेव्हा मी आत्याला फोन केला होता. निकाल वाचून दाखवल्यावर तिने विचारलं, "तो आपला ओढा त्यातच येतो ना?"

राहिलेलं सांगतो. मडगावहून कुळ्यापर्यंत रेल्वे आहे. डोहापाशी वेळ मोजकाच मिळतो, तेव्हा आधी वर बघा आणि फोटो नंतर काढा. खाण्याची पिशवी सोबत नेऊ नका, केलडी सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याला कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ आहे, तिथे जा. देवळाशेजारीच ओढा आहे, त्याच्या काठी पाच मिनिटं बसा. आणि सत्तरीत निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघायची राहिली असेल तर तीही बघा. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आहेत, देवाची म्हणून लोकांनी जपलेली. तिच्यावर बोलायचं होतं, पण ते आता खाली चहाला बोलू. मी थांबलोय.