प्लेट नवी, हब जुना

(दृश्य: समृद्धी महामार्ग, दुपारचं ऊन. गाडीच्या आतून दिसणारं स्टीअरिंग. निवेदन सुरू.)

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. कारंजा लाडला खाली उतरायचं म्हटलं की हा वेग थोड्या अंतरात उतरवावा लागतो. पाय ब्रेकवर जातो आणि स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. पायाखालचं पेडल धडधडतं. वेग चाळीसच्या खाली आला की सगळं थांबतं. पुढे गावापर्यंतच्या रस्त्यावर ही थरथर जाणवतच नाही, कारण त्या खड्ड्यांतून गाडी चाळीसच्या वर फारशी जात नाही. म्हणून खेड्यातल्या कितीतरी गाड्यांमध्ये हा दोष महिनोन्‌महिने दडून राहतो आणि नेमका लांबच्या प्रवासाला निघालेल्या दिवशी बाहेर पडतो.

यातल्या बऱ्याच गाड्यांना काही महिन्यांपूर्वीच ब्रेकच्या नव्या डिस्क बसवलेल्या असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात. आपल्याकडे सगळे त्यांना प्लेटाच म्हणतात.

(दृश्य: मूर्तिजापूर रस्त्यालगतचं टिनाच्या शेडमधलं गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी, पुढचं चाक काढलेलं.)

गॅरेजात हा संवाद ठरलेला. गाडीवाला म्हणतो, "मिस्त्री, दिवाळीच्या आंधीच तं प्लेटा टाकल्या. मंग हे काहून हालते?" बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "प्लेट बेंड झाली भाऊ, माल खराब आला." मग अकोल्याहून किंवा अमरावतीहून पुन्हा नव्या प्लेटा मागवल्या जातात. त्या बसतात, थरथर जाते, सगळे निश्चिंत होतात. आणि पुढच्या हंगामात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. कापूस विकून आलेल्या पैशातले काही हजार असे दोनदा जातात.

या गॅरेजचे मिस्त्री मात्र वेगळं बोलतात. "प्लेट नवी हाये भाऊ, हब तं जुनाच हाये ना."

त्यांचं हे म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

(दृश्य: हबचा जवळून फोटो. बोल्टांभोवती तांबूस गंजाचे पापुद्रे.)

हब म्हणजे बेअरिंगवर फिरणारा तो गोल भाग, ज्याच्या सपाट तोंडावर आधी डिस्क आणि तिच्यावर चाक बसतं. पावसाळ्यात आपल्या पांदण रस्त्यांवरून गेलेल्या गाडीच्या चाकांत काळी माती गच्च भरते. ती ओल धरून ठेवते. जुनी डिस्क काढली की हबच्या तोंडावर, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याभोवती, गंजाचे थर दिसतात. घाईत असलेला माणूस त्यावर फडकं फिरवतो आणि नवी डिस्क तशीच चढवतो. खाटेच्या एका पायाखाली खापरीचा तुकडा आला तर अख्खी खाट तिरकी होते, तसंच इथे होतं. गंजाचा एक पापुद्रा एका बाजूला राहिला की नवी, सरळ, निर्दोष डिस्क हबवर किंचित तिरकी बसते.

किंचित म्हणजे किती? समजा हबचं तोंड १४० मिलिमीटर रुंद आहे आणि एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा गंज राहिला. डिस्कवर पॅड जिथे घासतात तो पट्टा हबपेक्षा बराच बाहेर असतो. साधारण २३० मिलिमीटर व्यासाच्या त्या पट्ट्यावर तोच तिरकेपणा ०.०८ मिलिमीटरचा होतो. फिरताना डिस्क तेवढी डुलते. या डुलण्याला रनआऊट म्हणतात. बऱ्याच कार कंपन्या बसवलेल्या डिस्कसाठी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा घालतात. म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक पापुद्रा ही सगळी सवलत संपवू शकतो.

गंमत अशी की डिस्क डुलते म्हणून थरथर लगेच येत नाही. पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं कॅलिपर पिनांवर सरकणारं असतं. डिस्क थोडी इकडेतिकडे झाली तर तेही तिच्याबरोबर सरकतं. गाडीवाला चक्कर मारून येतो, ब्रेक लोण्यासारखा लागतो, पैसे देऊन घरी जातो. मिस्त्रीलाही काम चोख झाल्यासारखं वाटतं.

खरं नुकसान होतं ते ब्रेक न दाबता चालवताना. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कच्या अगदी जवळ असतात. तिरकी डिस्क फिरताना तिचा पुढे आलेला भाग दर फेरीला एका पॅडला घासून जातो, आणि बरोबर समोरच्या टोकाला तिची दुसरी बाजू दुसऱ्या पॅडला घासते. हजारो किलोमीटर हेच चालतं. ताशी ८० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं. तेवढ्या वेळा तीच जागा घासली जाते. हळूहळू डिस्क काही जागी पातळ होते, काही जागी जाड राहते. कधी पॅडचा मालच डिस्कवर एखाद्या पट्ट्यात जास्त चिकटतो. परिणाम तोच. आता ब्रेक दाबला की जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. ब्रेक ऑइलमधला दाब त्याबरोबर खालीवर होतो आणि ते पेडलवर कळतं. चाकाला बसणारी ओढ कमीजास्त होते आणि ते स्टीअरिंगवर कळतं. जाडीतला दीड-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवू शकतो.

म्हणून मला "प्लेट बेंड झाली" हे उत्तर खटकतं. साध्या वापरात बिडाची डिस्क उष्णतेने वाकून बसणं दुर्मीळ. ती असमान झिजलेली असते, आणि त्या झिजेचं बीज बहुतेकदा बसवण्याच्या दिवशी हबवर राहिलेल्या गंजात असतं. मधे तीन-चार हजार किलोमीटर निघून गेल्यामुळे कुणीच त्या दिवसापर्यंत मागे जात नाही. दोष मालाला लागतो, नाहीतर ड्रायव्हरच्या पायाला.

(दृश्य: मिस्त्री वायर ब्रशने हब घासताना. मग पॉलिश पेपर. मग कोरडं फडकं.)

घासायचं कसं, तेही बघा. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, बोल्टांच्या मुळाशी अरुंद ब्रश. धातूचं चकचकीत तोंड दिसेपर्यंत. कानस लावायची नाही, कारण तिने हबच खाली-वर होतो. काहीजण नंतर जाड ग्रीस फासतात, पुढच्या वेळी डिस्क सहज निघावी म्हणून. ग्रीसचा गोळा एका बाजूला जाड बसला तर आपण गंज काढून त्या जागी ग्रीस ठेवलं, एवढाच फरक. चाकाचं आतलं तोंडही घासायला हवं, विशेषतः अलॉय व्हीलचं. ते डिस्कवरच दाबून बसतं.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. आपल्याकडे तो रॉकेलने किंवा डिझेलने पुसायची सवय आहे. डिझेल स्वतःच तेलकट थर मागे सोडतं आणि तो पॅडमध्ये मुरतो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरावा. तो मिळाला नाही तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, आणि मग लगेच पूर्ण कोरडं करणं.

(दृश्य: डायल गेज. चुंबकी स्टँड, काटा हळूहळू हलताना.)

हे डायल गेज. दोन-तीन हजारांत स्टँडसकट मिळतं. त्याची एक बारीक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. डिस्क चढवून, चाक न लावता, वॉशर घालून सगळे नट सारखे आवळायचे. गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवायचं आणि डिस्क हाताने एक फेरी फिरवायची. काटा जितका हलला तितकं रनआऊट. जास्त आलं तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून परत बसवायची. चार बोल्टांच्या हबला अशा चार जागा मिळतात. हबचा थोडा तिरकेपणा आणि डिस्कचा थोडा तिरकेपणा एकमेकांना काटतात अशी एखादी जागा सापडते. सगळीकडे जास्तच येत असेल तर डिस्क काढून गेज थेट हबच्या तोंडावर लावायचं. खड्ड्यात आपटून हब वाकलेला असू शकतो किंवा बेअरिंग गेलेलं असू शकतं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर डिस्कवर पैसे घालण्याआधी तो प्रश्न सोडवायचा.

खेड्यातल्या फार कमी गॅरेजांत हे गेज असतं. माझ्या मते टायरमध्ये हवा भरायच्या मशीननंतर घ्यायची पहिली वस्तू हीच असावी. ज्या गॅरेजात ते आहे, तिथे मिस्त्रीला "माल खराब आला" म्हणावं लागत नाही. त्याच्याकडे दाखवायला आकडा असतो.

(दृश्य: हायवेवरचं पंक्चरचं दुकान. हवेच्या गनने नट आवळण्याचा आवाज.)

आता नट. हवेची गन एका नटाला किती जोर लावते आणि शेजारच्याला किती, ते गन चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहणं हीदेखील तीच गोष्ट. नट असमान आवळले की डिस्कचा मधला वाटीसारखा भाग पिळला जातो आणि चोख बसवलेली डिस्कही डुलायला लागते. समोरासमोरचे नट घेत, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी गाडी जमिनीवर ठेवून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना तो आकडा बहुधा १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. नेमका किती ते गाडीच्या पुस्तकात असतं. पंक्चर काढल्यानंतर काही महिन्यांनी थरथर सुरू झाली असेल तर कारण इथे शोधा.

कॅलिपरच्या पिनांचं थोडक्यात सांगतो. रबरी टोपी फाटली की आपली माती आत जाते, पिन अडकते, कॅलिपर सरकेनासं होतं आणि एक पॅड कायम घासत राहतो. डिस्क तापते, तिच्यावर निळसर डाग पडतात. पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि नव्या डिस्कबरोबर जुने पॅड ठेवू नका. त्यांच्यावर जुन्या डिस्कच्या खाचा कोरलेल्या असतात.

(दृश्य: परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा घाट, सागाचं जंगल.)

इतकं सगळं नीट झाल्यावरही पहिले दोन-तीनशे किलोमीटर महत्त्वाचे. पॅडच्या मालाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसायला हवा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, मग थोडं अंतर चालवून डिस्क थंड होऊ देणं, असं दहा-बारा वेळा. गावाकडचा दुपारचा रिकामा रस्ता यासाठी उत्तम, फक्त मागे कुणी नाही ना ते बघायचं. नव्या डिस्क टाकून लगेच चिखलदऱ्याला जाणं टाळा. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात, डिस्क तापली, आणि खाली चहाला थांबून ब्रेक दाबूनच धरला, तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा. थांबल्यावर सपाट जागेवर ब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली दगड लावावा.

जी गाडी आठवडी बाजारापुरतीच निघते आणि बाकी दिवस निंबाखाली पावसात उभी असते, तिच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंज धरतो. थोडा असेल तर दोन-चार ब्रेकांत निघून जातो. खोल खड्डे पडले तर ते राहतात.

प्रत्येक थरथर ब्रेकची नसते. ब्रेक न दाबताही स्टीअरिंग हलत असेल तर व्हील बॅलन्सिंग, टायरचा फुगवटा, बेअरिंग आणि सैल नट आधी तपासा, आणि सैल नटाची शंका असेल तर गाडी तिथेच थांबवा. निसरड्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल खटखटलं तर ते एबीएसचं, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, दोष नाही. स्टीअरिंग शांत आणि फक्त सीट हलत असेल तर मागचे ड्रम बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढल्यावर तसंच हललं तर दोष मागेच आहे. चाकाच्या जोडणीतले बॉल जॉइंट आणि बुश झिजले असतील तर ब्रेकची छोटी थरथरही मोठी होऊन हातात येते, पण मूळ कारण ते नसतं.

(दृश्य: लेथवर फिरणारी डिस्क.)

थरथर आधीच सुरू झाली असेल तर डिस्क लगेच फेकू नका. लेथवर दोन्ही बाजूंनी फेस मारून, म्हणजे पातळ थर कापून, ती पुन्हा सारख्या जाडीची करता येते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी २२ मिलिमीटरची असेल तर तो बहुधा २० च्या आसपास असतो. त्याच्या खाली जाणार असेल तर नवीच घ्या. पण लेथवरून आलेली असो वा दुकानातून, ती चढण्याआधी हब घासला गेला पाहिजे, नाहीतर ती घासाघीस पुन्हा पहिल्या किलोमीटरपासून सुरू होते.

काम झाल्यावर मिस्त्रीकडून बिलावर दोन आकडे लिहून घ्या: डाव्या चाकाचं रनआऊट आणि उजव्या चाकाचं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत येऊन नट टॉर्क रेंचने तपासून घ्या. सहा महिन्यांनी स्टीअरिंग हललंच तर कारण कुठून शोधायचं, ते त्या दोन आकड्यांवरून ठरवता येईल.