एका तावाचे गणित

(अंधुक खोली. भट्टीचे तोंड नारिंगी उजळलेले आहे. पंख्याची घरघर ऐकू येते.)

ही खोली जेमतेम तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे. एके काळी येथे अडगळ ठेवली जात असे. आज एक छोटी भट्टी, एक ऐरण, भिंतीलगत लाकडी बाक आणि त्या बाकाला जखडलेला, वस्तू घट्ट आवळून धरणारा शेगडा एवढा संसार येथे आहे. खिडकीवर जाड पडदा असून तो मुद्दाम ओढून घेतलेला आहे. लोहारकामात लोखंडाचे तापमान डोळ्यांनी ओळखावे लागते आणि प्रखर उजेड डोळ्यांना फसवतो. या खोलीत नारिंगी दिसणारी सळई उन्हात नेली तर मळकट लाल वाटते, आणि ती अजून पुरती तापलेली नाही असे समजून नवखा माणूस तिला पुन्हा भट्टीत सारतो व जाळून बसतो. लोहारांच्या कामाच्या जागा अंधाऱ्या ठेवल्या जात, त्यामागे हेच कारण होते.

मी हे काम छंद म्हणून शिकू लागले तेव्हा हातोडा चालवता आला म्हणजे लोहारकाम आले, अशी माझी समजूत होती. ती मोडायला काही महिने गेले. हातोडा हळूहळू हातात बसतोच. खरा शिकावा लागतो तो ताव.

ताव म्हणजे लोखंडाला एकदा दिलेली आच. सळई भट्टीतून बाहेर आली की तिच्यातली उष्णता ओसरू लागते, आणि जोवर ती घडवण्याजोगी मऊ आहे तोवरच घाव घालण्यात अर्थ असतो. १० मिलिमीटर जाडीची चौकोनी सळई चांगली पिवळी तापवून ऐरणीवर आणली, तर हाताशी २० ते २५ सेकंद असतात. तेवढ्यात जे झाले ते झाले. उरलेले काम पुढच्या तावात.

ही मुदत इतकी तोकडी का, हे समजून घेण्यासारखे आहे. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी किरणोत्सर्जित उष्णता तिच्या निरपेक्ष (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ११०० अंश सेल्सिअसला असलेले लोखंड ८०० अंशांवरच्या लोखंडापेक्षा अडीच पटींहून अधिक वेगाने ती उष्णता गमावते. त्यातून ऐरण थंड आणि वजनदार. सळई तिला जिथे टेकते तिथून ती आच ओढून घेते, म्हणून दोन घावांच्या मध्ये थबकावे लागले तर जाणता लोहार सळई ऐरणीवरून किंचित उचलून धरतो. शिवाय सळई जसजशी बारीक होते तसतशी मुदत आणखी आखडते, कारण जाडी निम्मी झाली की तेवढ्याच धातूमागे उघडा पृष्ठभाग दुप्पट होतो. टोक काढताना शेवटचे चार घाव सगळ्यांत नाजूक असतात, आणि वेळही त्यांच्याच वाट्याला सगळ्यांत कमी येतो.

तेव्हा विचार करायची जागा ऐरण नसून भट्टी आहे. सळई तापत असते तेव्हाच पहिला घाव कुठे पडणार, सळई कोणत्या अंगावर वळवायची, किती घावांनंतर थांबायचे आणि सांडशीची पकड नीट बसली आहे की नाही, हे सगळे ठरलेले असावे लागते. मी अजूनही भट्टीसमोर उभी राहून रिकाम्या हाताने पुढचे घाव हवेत घालून पाहते. नव्या आकाराची सुरुवात तर मी मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिसिनच्या मातीपासून करते. तापलेले पोलाद हातोड्याखाली जसे पसरते तशीच ही माती पसरते, आणि तिला थंड होण्याची घाई नसते.

(भट्टीतील सळई अगदी जवळून दिसते. तिचा रंग हळूहळू बदलत जातो.)

आता या सळईकडे पाहावे. साधारण ६५० अंशांना तिच्यावर मंद, मळकट लाली चढते. ७५० ते ८०० अंशांच्या दरम्यान ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होते, ९५० च्या आसपास नारिंगी आणि ११०० अंशांना पिवळी. साध्या मऊ पोलादाचे बहुतेक काम नारिंगी आणि पिवळ्या रंगांत होते. लाली मंदावल्यावरही घाव घालत राहिले तर धातू हलत नाही, झटके मनगटाला बसतात आणि सळईला चिरा पडण्याचा धोका असतो. उलट पिवळ्यापलीकडे पांढरेपणा येऊन सळईतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर लोखंड जळू लागले असे समजावे. जळालेला भाग पुन्हा सुधारत नाही, तो तोडूनच टाकावा लागतो. कर्बाचे प्रमाण जितके अधिक तितके हे जळणे कमी तापमानाला सुरू होते. मऊ पोलादात कर्ब ०.२५ टक्क्यांहून कमी असतो आणि हत्यारांच्या साध्या पोलादात तो साधारण ०.६ टक्क्यांपासून १ टक्क्याच्या आसपास जातो. दिसायला दोन्ही सळया सारख्याच, पण भट्टीत त्यांचा स्वभाव वेगळा.

पहिला धडा म्हणजे चौकोनी सळईला निमुळते टोक काढणे. हा धडा कंटाळवाणा वाटतो, परंतु आकडी, खिळा, छिन्नी, पान, जे काही पुढे घडवायचे ते बहुधा येथूनच सुरू होते, आणि मी यावर सगळ्यांत जास्त दिवस घालवले याचा मला आनंद आहे. ठोकल्याने धातू नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. सूचीचे, म्हणजे चौकोनी तळापासून अणीपर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराचे, घनफळ तेवढ्याच तळाच्या व उंचीच्या चौकोनी ठोकळ्याच्या एक तृतीयांश असते, म्हणून ६० मिलिमीटर लांब अणकुचीदार टोक हवे असेल तर सळईचा केवळ २० मिलिमीटर भाग वापरायचा असतो. हा हिशेब कळण्यापूर्वी मी दरवेळी ६० मिलिमीटरवर खडूची खूण करीत असे आणि टोक वितीएवढे लांबत का जाते याचे नवल करीत असे.

(हातोड्याचे घाव. सळई पाव वळसा घेते. पुन्हा घाव.)

टोक काढताना सळई ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर थोडी तिरपी धरतात, हातोडाही त्याच कोनात उतरतो, आणि दर दोन-तीन घावांनंतर सळईला पाव वळसा देतात. हा वळसा बरोबर ९० अंशांचा असावा लागतो. तो ८० अंशांचा झाला तर चौकोनाचा काटछेद समभुज तिरका होतो, आणि पुढचा प्रत्येक घाव तो तिरकेपणा वाढवतो. माझी सुरुवातीची कित्येक टोके अशीच बिघडली. मी ती तशीच ठोकून बारीक करीत राहिले. तिरक्या कडा एकमेकींवर दुमडल्या, घडी तापलेल्या लोखंडावर हवेने धरणाऱ्या काळ्या खवल्यांखाली झाकली गेली आणि टोक बाहेरून गुळगुळीत दिसू लागले. आकडी वाकवताना मात्र ते उभे चिरले. त्या चिरेच्या आत भिंग धरून पाहिले तेव्हा दोन्ही बाजू काळ्या होत्या. ते लोखंड त्या दिवशी तुटले नव्हते, आदल्या आठवड्यातल्या तिसऱ्या-चौथ्या तावातच ते दोन झाले होते. आता चौकोन तिरका दिसला की मी तिथेच थांबते, पुन्हा ताव देते, लांब कर्ण उभा धरून कोपऱ्यांवर हलके घाव घालते आणि चौकोन सरळ झाल्यावरच पुढे जाते. गोल टोक हवे असले तरी आधी चौकोनीच काढावे, मग कोपरे मारून अष्टकोनी करावे आणि शेवटी गोल. सुरुवातीपासून गोल ठोकू गेले तर टोकाला पोकळी किंवा चीर पडते.

साहित्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ऐरण नसेल तर रीतसर भंगारातून घेतलेला रेल्वेरुळाचा तुकडा चालतो. मोठ्या रुळाचे वजन मीटरमागे ५० ते ६० किलो असते, आणि तो तुकडा आडवा न टाकता उभा रोवला तर घावाखाली पूर्ण वजन येते. ऐरणीचा माथा उभ्या माणसाच्या मिटलेल्या मुठीच्या उंचीला असावा. हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा पुरे. जड हातोडा लवकर दमवतो आणि दमलेला हात वाकडे घाव घालतो.

सुरक्षिततेबद्दल मात्र सविस्तर सांगणे मला भाग आहे. भट्टी गॅसची असो की कोळशाची, तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो. या वायूला ना रंग ना वास, म्हणून दार उघडे ठेवावे, धूर व वायू बाहेर जाण्याची पक्की सोय असावी आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा गजर भिंतीवर असावा. जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी किंवा नळी भट्टीत कधीही घालू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने ताप, थंडी व श्वासाचा त्रास होतो. अंगात सुती कपडे, पायांत बंद चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांना संरक्षण, जवळ पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडे, यांत तडजोड नसावी. आणि लाल लोखंडापेक्षा काळ्या लोखंडाला भ्यावे. लाली गेल्यावरही सळई ४०० अंशांवर असू शकते आणि पाहणाऱ्याला ती थंड भासते. माझ्या उजव्या तर्जनीवरचा पांढरा डाग अशाच एका निरुपद्रवी दिसणाऱ्या आकडीने दिलेला आहे. तेव्हापासून गरम वस्तूंसाठी विटांचा एक कोपरा राखून ठेवला आहे, आणि तिथले काहीही आधी हाताची पाठ जवळ नेऊन ऊब तपासल्याशिवाय उचलायचे नाही, असा येथला नियम आहे.

(बाकावर बोटाएवढी जाड छिन्नी. तिची धार अजून बोथट आहे.)

आज या छिन्नीला पाणी द्यायचे आहे, म्हणजे तापवून झटकन थंड करून तिची धार कडक करायची आहे. ही गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या तुकड्यातून घडवली आहे. अशा तुकड्याचे नेमके पोलाद कोणते ते ठाऊक नसते, म्हणून त्याच स्प्रिंगचा एक छोटा काप आधी तापवून, बुडवून, मोडून पाहिला आहे. या पोलादाला मी तेल वापरते, कारण पाण्यात ते फार झपाट्याने थंड होऊन तडकू शकते. तरीही मराठीत या क्रियेला पाणी देणेच म्हणतात, आणि मलाही तोच शब्द आवडतो.

धारेकडचा भाग डाळिंबी रंगावर आला की त्याला चुंबक लावून पाहतात. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला दाद देणे सोडते. त्यानंतर रंगाची आणखी एक छटा चढू द्यावी आणि छिन्नी सरळ उभी, कोमट तेलात उतरवावी. तेलाचे भांडे धातूचे असून त्याचे झाकण हाताशी आहे. भडका उडालाच तर ते झाकण बसवायचे, तेलावर पाणी ओतायचे नाही.

(तेलातून धूर येतो. छिन्नी बाहेर निघते. धारेवरून कानस घसरते.)

कानस घसरली, म्हणजे धार कडक झाली आहे. पण या अवस्थेत ती काचेसारखी ठिसूळ असते. तो ठिसूळपणा कमी करण्यासाठी पॉलिशकागदाने तिचे एक अंग चकचकीत करून, मागच्या बाजूने मंद आच देत, आपण आता रंगांची वाट पाहणार आहोत. चकचकीत पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि त्याची जाडी वाढते तसे रंग बदलतात: २२० अंशांच्या सुमारास वाळल्या गवताचा पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. हे रंग पट्ट्यापट्ट्यांनी धारेकडे सरकत येतात. छिन्नीला जांभळा हवा. निळा धारेपर्यंत पोहोचला तर ती मऊ पडेल आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागेल. येथे घाव नाही, जोर नाही; फक्त पाहत राहायचे आणि योग्य क्षणी हात हलवायचा.

पिवळा पुढे गेला. तपकिरी त्याच्या मागे आला. जांभळा धारेला टेकला.

(छिन्नी पाण्यात बुडते. छोटासा चरर्र आवाज.)

शेगड्यात मऊ पोलादाची थंड सळई धरली आहे. छिन्नी तिच्यावर टेकवून हातोड्याचा एक घाव, दुसरा, तिसरा. सळईवर सरळ, स्वच्छ खाच पडली आहे. आता भिंगाखाली धार पाहू: ती दुमडलेली नाही, तिचा टवका उडालेला नाही. भट्टीचा गॅस बंद होतो, पंखा आणखी थोडा वेळ फिरत राहतो आणि खिडकीवरचा पडदा बाजूला सारला जातो.