बिल कोण वाचतो?

मित्रहो, आपले काम ज्याला आवडते तो माणूस आणि आपले बिल ज्याच्या टेबलावर जाते तो माणूस, हे बहुधा वेगळे असतात. नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातील एखाद्या कंपनीचा व्यवस्थापक तुमच्या कामाचे तोंडभर कौतुक करील; पण पैसे सोडतो तो अकाउंट्समधील कर्मचारी, आणि त्याने तुम्हाला कधी पाहिलेलेही नसते. बिल त्याच्यासाठी लिहायचे असते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी अनुवादक आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे असल्यामुळे सातबारा, खरेदीखते, जबान्या यांच्या इंग्रजी अनुवादाचे काम नागपुरात सतत निघते, आणि वकीलमंडळींशी तोंडी व्यवहारावर माझी पहिली वर्षे निभावली. पुढे एका कंपनीचे मोठे काम मिळाले, तेव्हा मी बिलावर फक्त ‘अनुवादाचे शुल्क’ आणि रक्कम लिहिली. मजकूर कोणता, शब्द किती, काम कोणी सांगितले, पर्चेस ऑर्डरचा क्रमांक काय, यांपैकी काहीच त्यावर नव्हते. ते बिल चार महिने पडून राहिले. कोणी ते नाकारले नव्हते, पण कशाच्या आधारावर मंजूर करावे, हेही कोणाला कळत नव्हते. त्या काळात घरभाडे मी बहिणीकडून उसने घेऊन भरले.

म्हणून तपशिलाची ओळ पूर्ण लिहा: ‘वार्षिक अहवालाचा इंग्रजीतून मराठी अनुवाद, ३०,००० शब्द, प्रतिशब्द २ रुपये, एकूण ६०,००० रुपये’. ठरल्याबाहेरच्या दुरुस्त्या केल्या असतील, तर त्यांची ओळ वेगळी ठेवा. बिलाला क्रमांक द्या, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ देऊ नका. जीएसटीच्या नियमांनुसार तो १६ अक्षरांपेक्षा लांब नसावा. पॅन, बँक खाते, आयएफएससी हे तर हवेच. रंग आणि लोगो यांवर मी वेळ घालवणार नाही.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी केली नसेल, तर बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल, तर महाराष्ट्रातील ग्राहकाला केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के, परराज्यातील ग्राहकाला १८ टक्के आयजीएसटी, असा कर साधारणपणे लागतो. तो स्वतंत्र ओळीत दाखवा, कारण वेगळ्या दाखवलेल्या जीएसटीवर टीडीएस, म्हणजे ग्राहक पैसे देतानाच कापून घेतो तो आयकर, कापू नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१७ चे परिपत्रक आहे. वरच्या उदाहरणात कर धरून बिल ७०,८०० रुपयांचे होते. व्यावसायिक शुल्कावरील १० टक्के टीडीएस ६०,००० वर कापला, तर ६,००० जातात. सगळी रक्कम एकत्र लिहिली, तर ७,०८० जाऊ शकतात. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे दर तिमाहीनंतर बघत जा.

आता मुदत. ‘लवकरात लवकर द्यावे’ असे कृपया लिहू नका, तारीख लिहा. ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य असते आणि ती काम घेण्याआधीच केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे दिवस सेवा स्वीकारल्यापासून मोजतात, आणि ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम पोचले तोच दिवस स्वीकाराचा धरतात. त्यामुळे बिलाच्या तारखेइतकीच काम सुपूर्द केल्याची तारीख महत्त्वाची आहे, आणि ती बिलावर फार थोडे लोक लिहितात. शिवाय २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ग्राहकाला आयकरात पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. म्हणून आर्थिक वर्ष संपताना, मार्चमध्ये, आठवण करताना आपला ‘उद्यम’ क्रमांक बिलावर असला, की अकाउंट्समधला माणूस स्वतःहून हिशेब करतो.

आठवणीचे पत्र मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी पाठवा, रागाचा शब्द येऊ देऊ नका, बिलाची प्रत पुन्हा जोडा, आणि ते व्यवस्थापकाबरोबरच अकाउंट्समध्ये ज्याच्याकडे बिल आहे त्याला, त्याचे नाव विचारून घेऊन, पाठवा.